बसवनगुडीतील एक संध्याकाळ

दिवसा कोणतेही नगर आपल्या कामाच्या ओझ्याखाली वाकलेले असते. कचेऱ्या, कारखाने, शाळा आणि बाजार त्याला आपापल्या दिशेने ओढीत असतात, आणि परगावाहून आलेल्या पाहुण्याला त्या ओढाताणीपलीकडे फारसे काही दिसत नाही. सूर्य कलला, माणसे घरी परतली, हातपाय धुऊन पुन्हा बाहेर पडली की नगर खऱ्या अर्थाने स्वतःचे होते. कोण कोणाला थांबवून विचारपूस करतो, म्हातारी माणसे कोठे बसतात, मुले काय खातात, देवळाच्या पायरीवर कोणते विषय निघतात, हे ज्याने पाहिले त्याला ते गाव समजू लागले असे म्हणावे.

बंगळूरसारख्या महानगराला 'गाव' म्हणणे आज अनेकांना चमत्कारिक वाटेल. १९०१ साली येथील वस्ती सुमारे १ लाख ५९ हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती ८४ लाखांच्या वर गेली. २०१४ पासून या शहराचे अधिकृत नाव बेंगळूरु असे झाले. परंतु या अफाट नगराच्या पोटात जुनी लहान गावे अजून नांदत आहेत, आणि त्यांच्यापैकी बसवनगुडी हे फार बोलके आहे. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी, शेंगदाण्याच्या प्रसिद्ध जत्रेच्या दिवशी, काही स्नेह्यांसमवेत तेथे संध्याकाळ घालविण्याचा योग आला. त्या संध्याकाळीच्या निमित्ताने या वस्तीची ही ओळख.

साथीतून उभी राहिलेली वस्ती

आमच्या मंडळीत यजमान पतिपत्नी, त्यांची बारा वर्षांची कन्या, यजमानांच्या मातोश्री आणि शेजारचे एक निवृत्त शिक्षक अशी माणसे होती. यजमान मूळचे सातारा जिल्ह्यातले. नोकरीच्या निमित्ताने अठरा वर्षांपूर्वी येथे आले. शिक्षक धारवाडकडचे असल्याने त्यांना मराठी चांगले समजते. कानडीत मास्तरांना 'मेष्ट्रु' म्हणतात, आणि आमच्या यजमानांच्या घरीही त्यांना हेच नाव पडले आहे.

नॅशनल कॉलेजच्या मेट्रो स्थानकातून बाहेर पडून आम्ही रुंद, झाडांच्या सावलीतल्या रस्त्यांनी चालू लागलो, तेव्हा मेष्ट्रूंनी पहिली गोष्ट सांगितली ती या रस्त्यांचीच. १८९८ साली बंगळुरात प्लेगने प्रवेश केला. जुन्या पेठेतील दाट घरे आणि अरुंद गल्ल्या म्हणजे त्या रोगाला मोकळे रानच होते. तेव्हा म्हैसूर संस्थानने पेठेबाहेर दोन नव्या वस्त्या वसविल्या. उत्तरेला मल्लेश्वरम् आणि दक्षिणेला बसवनगुडी. काटकोनात छेदणारे रस्ते, घरांमागे सफाईसाठी स्वतंत्र बोळ, प्रत्येक घराभोवती थोडी मोकळी जागा आणि मधूनमधून उद्याने अशी त्यांची आखणी होती.

मराठी वाचकाला ही कथा अनोळखी वाटू नये. तीच साथ १८९६ मध्ये मुंबईत आणि १८९७ मध्ये पुण्यात आली होती. तिच्याच धक्क्याने १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि पुढे दादर-माटुंग्याच्या आखीव वस्त्या उभ्या राहिल्या. म्हणजे हिंदू कॉलनीतून निघालेला मनुष्य बसवनगुडीत आला आणि त्याला आपल्याच घराजवळ फिरल्यासारखे वाटले, तर त्यात नवल नाही. दोन्ही वस्त्या एकाच संकटाच्या लेकी आहेत. पुढे माटुंग्याला उडुपी मंडळींची खानावळ आणि इडली-डोशाची उपाहारगृहे आली, आणि हे नाते स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले.

संध्याकाळच्या या फिरण्याला विजेच्या दिव्यांची जोडही फार लवकर मिळाली. कावेरीवरील शिवनसमुद्र येथील वीजकेंद्रातून १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज गेली, आणि १९०५ साली बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. त्या काळी आपल्या देशातील बहुतेक नगरांत घासलेटचे कंदील मिणमिणत होते.

शेंगांचा डोंगर आणि नंदीची कथा

'बसव' म्हणजे वृषभ आणि 'गुडी' म्हणजे देऊळ. नंदीच्या देवळावरूनच या वस्तीला नाव मिळाले. 'कडलेकायि' म्हणजे भुईमुगाची शेंग आणि 'परिषे' म्हणजे जत्रा. कर्नाटकातील महिनेही आपल्याप्रमाणेच अमावास्येला संपत असल्याने त्यांचा कार्तिक आणि आपला कार्तिक एकच. शेवटच्या सोमवारच्या आधीपासूनच बुल टेंपल रस्त्याच्या दोन्ही कडांना शेंगांच्या राशी पडू लागतात. कोलार, चिंतामणी, चिक्कबळ्ळापूर, मागडी, तुमकूर या बाजूंचे शेतकरी आणि व्यापारी येतात. शेजारच्या आंध्र प्रदेश व तमिळनाडूतूनही माल येतो. ओली शेंग, वाळलेली, भाजलेली, उकडलेली, तीन दाण्यांची, लाल सालीची. ज्याला जी हवी ती मापाने मोजून मिळते. माप अजूनही 'सेरु', म्हणजे आपला शेर. कानडीत शेंगदाण्याला 'गरिबाचा बदाम' म्हणतात.

जत्रेमागची दंतकथा मेष्ट्रूंनी रस्त्यातच सांगितली. सुंकेनहळ्ळी, गुट्टहळ्ळी, मावळ्ळी आणि दासरहळ्ळी या गावांत पूर्वी भुईमुगाची शेती होत असे. पौर्णिमेच्या रात्री एक बैल येई आणि उभे पीक फस्त करी. शेतकऱ्यांनी त्याला गाठून मारले, तेव्हा तो जागच्या जागी दगड झाला. आपण शिवाच्या वाहनावर हात उचलला हे ध्यानी येऊन लोकांनी देऊळ बांधले, आणि दरवर्षी पहिल्या पिकाच्या शेंगा त्याच्या पायी वाहण्याचा संकल्प केला. तो दगडी बैल पुढे वाढतच चालला. अखेर त्याच्या मस्तकी त्रिशूळ बसविला, तेव्हा वाढ थांबली.

"पण मेष्ट्रु," यजमानांची कन्या म्हणाली, "भुईमूग तर दक्षिण अमेरिकेतून आला असं आमच्या पुस्तकात आहे. मग ही गोष्ट फार जुनी कशी असेल?"

मेष्ट्रु हसले. "अगदी खरं. शेंग समुद्रापलीकडून आली. पण बैलानं पीक खाल्लं आणि माणसाला राग आला, ही गोष्ट शेंगेहून जुनी आहे. पीक बदललं, गोष्ट तशीच राहिली."

या उत्तरात लोककथेचे मर्म आले आहे. ज्या रानावर आज इमारती उभ्या आहेत तेथे एके काळी नांगर चालत होता, आणि बैलाशी माणसाचे नाते एकाच वेळी रागाचे व कृतज्ञतेचे होते, एवढी आठवण ही कथा जपून ठेवते. आपल्याकडे पोळ्याला किंवा बेंदराला बैलापुढे हात जोडण्यात हाच भाव आहे. ज्येष्ठी पौर्णिमेचा जो बेंदूर कोल्हापूरकडे होतो, त्याला तर 'कर्नाटकी बेंदूर' असेच नाव आहे.

देवळातील नंदी अखंड शिळेतून कोरलेला आहे. उंची सुमारे १५ फूट, लांबी सुमारे २० फूट. मूळचा करडा दगड वर्षानुवर्षांच्या लेपाने काळाभोर झाला आहे. परंपरेने हे देऊळ बंगळूरचे संस्थापक केंपेगौडा यांचे मानतात. विजयनगरच्या या मांडलिकाने १५३७ साली येथे मातीचा कोट घालून पेठ वसविली. शेजारच्या देवळात एकाच शिळेतला भव्य गणपती असून विशिष्ट दिवशी त्याला लोण्याने मढवितात. जवळचाच 'ब्यूगल रॉक' हा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याच्या अंगावर बसून मुले शेंगा सोलीत होती.

नंदीच्या पायाशीच वृषभावती नदीचा उगम मानतात. ही नदी पुढे अर्कावतीला आणि अर्कावती कावेरीला मिळते. आज तिच्या पात्रातून शहराचे सांडपाणी वाहते. देवाला पहिली शेंग वाहणाऱ्या लोकांनी त्याच्या पायीचे पाणी मात्र राखले नाही, ही खंत मेष्ट्रूंनी बोलून दाखविली. जत्रेत प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, घरून कापडी पिशवी आणा, असे आवाहन अलीकडच्या वर्षांत होत आहे. आमच्या यजमानीणबाईंनी तीन पिशव्या आणल्या होत्या, आणि तिन्ही भरून परत नेल्या.

आजी आणि शेंगवाली

या संध्याकाळी सर्वांत लक्षात राहिली ती मात्र देवळाबाहेर घडलेली एक लहानशी गोष्ट. यजमानांच्या मातोश्री गेल्या वर्षी पतिनिधनानंतर मुलाकडे राहावयास आल्या. गावाकडचे घर बंद झाले. येथे मुलगा-सून मायेने करतात, नातीचा जीव आहे. तरीही आजी परत जाण्याचे दिवस मोजीत होत्या. "सगळं आहे रे बाबा," त्या मुलाला म्हणत, "पण दिवसभर मी बोलू कोणाशी?" ज्या बाईने पन्नास वर्षे ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी केली, तिला चौथ्या मजल्यावर शेजारणीकडे पाहून नुसते हसावे लागावे, हे दुःख लहान नव्हे. नोकरीमुळे परप्रांतात गेलेल्या कितीतरी घरांतून हे दुःख आज मुकाट्याने नांदत आहे.

रस्त्याच्या कडेला चिंतामणीकडची एक प्रौढ बाई ओल्या शेंगांची रास मांडून बसली होती. आजी तिच्यापुढे थांबल्या. त्यांनी एक शेंग उचलली, अंगठ्याने दाबली, कानाशी नेऊन हलविली आणि फोडून दाणा पाहिला. शेंगवाली एकटक पाहत होती. गिऱ्हाईक शेतातले आहे हे तिने ओळखले.

"विचार गं तिला," आजी नातीला म्हणाल्या, "यंदा पाऊस कसा झाला म्हणावं."

"मळे हेगायतु?" नातीने विचारले. पावसाला कानडीत 'मळे' म्हणतात.

शेंगवालीने हातवारे करीत सांगावयास सुरुवात केली. पेरणीला पाऊस वेळेवर आला, पण काढणीच्या वेळी लागून राहिला. नात भाषांतर करू लागली, तो आजींनी तिला थांबविले. "कळलं मला. शेंगेला जमिनीतच कोंब आले असणार. उपट्या जातीचं असंच होतं. पिकल्यावर पाऊस पडला की धीर धरत नाही ती." शेंगवालीने राशीतून कोंब फुटलेली एक शेंग काढून आजींच्या तळहातावर ठेवली. दोघींनी एकदमच मान हलविली.

मग आजींनी नातीला भुईमुगाचे कौतुक सांगितले. फूल वर उमलते, पण फळ वर धरत नाही. फुलाच्या जागेवरून आऱ्या सुटतात, त्या खाली वाकून मातीत शिरतात आणि तेथे अंधारात शेंग भरते. म्हणून आऱ्या सुटल्यावर रानात खुरपणी करीत नाहीत. नात हे सारे कानडीत शेंगवालीला सांगू लागली, तेव्हा ती बाई खळखळून हसली आणि म्हणाली की तुझ्या अज्जीला आमच्या शेतावर घेऊन ये. तिने दोन शेर मोजले आणि वर ओंजळभर शेंगा घातल्या. निघताना आजी सवयीप्रमाणे म्हणाल्या, "येते हं."

"होगि बर्तीनि म्हण, आजी," नात म्हणाली. "म्हणजे जाऊन येते."

आजी क्षणभर थांबल्या. "म्हणजे हीही 'जाते' म्हणत नाही?" नाही म्हणत. कर्नाटकातही निरोप घेताना 'जातो' म्हणणे अशुभ मानतात. तेथेही माणूस 'जाऊन येतो' असेच म्हणतो. दोन भाषांच्या व्याकरणांतील अंतर पंडितांनी मोजावे. परंतु निरोपाच्या वेळी दोघींच्या मनात एकच भीती आणि एकच आशा असते, हे त्या एका वाक्याने आजींना उमगले.

वस्तुतः ही जवळीक पुष्कळ जुनी आहे. आपण ज्याला तूप म्हणतो ते कानडीत 'तुप्प'. आपले अण्णा आणि अक्का त्या घरीही आहेत. १६३८ साली विजापूरच्या सैन्याने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. जिजाबाई व बालशिवाजी काही काळ येथे राहिल्याचे इतिहासकार सांगतात. जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'त शहाजीराजांच्या दरबाराचे जे वर्णन आहे, त्यात निरनिराळ्या भाषांचे कवी आपापली कवने सादर करताना दिसतात. पुढे एकोजीराजांनी मल्लेश्वराच्या देवस्थानाला गाव इनाम दिल्याची नोंद १६६९ च्या शिलालेखात आहे. १६८७ मध्ये मोगलांनी शहर जिंकले आणि ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. मोबदला तीन लाख रुपये होता असे सांगतात. राज्ये बदलली, तरी घरात शिरलेले शब्द दोन्हीकडे राहिले.

डोसा, कॉफी आणि गोखल्यांचे नाव

जत्रेतून बाहेर पडून आम्ही गांधी बझारकडे वळलो. फुलांच्या माळा, केळीची पाने, पूजेचे साहित्य आणि 'सोप्पु' म्हणजे पालेभाजी यांनी हा बाजार भरलेला असतो. येथील 'विद्यार्थी भवन' हे उपाहारगृह १९४३ साली सुरू झाले. आसपासच्या शिक्षणसंस्थांतील विद्यार्थी हे त्याचे पहिले गिऱ्हाईक, म्हणून हे नाव. बाहेर पाऊण तास थांबावे लागले; पण थांबण्याच्या त्या वेळेतच येथली निम्मी संध्याकाळ असते. कोणी वर्गमित्र भेटतो, कोणी आजारी माणसाची चौकशी करतो. आत गेल्यावर वाढपी एका हातावर डोशांच्या थाळ्यांची चळत रचून येतो आणि टेबलागणिक एकेक थाळी उतरवीत जातो. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, तुपात खरपूस झालेला हा डोसा सांबाराशिवाय, केवळ चटणीबरोबर देतात. शेवटी फिल्टर कॉफी. तीही पुष्कळदा 'बाय टू', म्हणजे एका पेल्याची दोघांत वाटून. काटकसर आणि सोबत यांचा असा मेळ या शहराने सहज साधला आहे.

परतताना बुल टेंपल रस्त्यावरील एका इमारतीचे नाव वाचून आजींनीच थांबावयास सांगितले. 'गोखले सार्वजनिक विचार संस्था' असा तिच्या नावाचा अर्थ, आणि गोखले म्हणजे आपले नामदार गोपाळ कृष्ण गोखलेच. कोतळूकच्या या सुपुत्राचे नाव बसवनगुडीत कसे आले, हे कळण्यासारखे आहे.

कानडीतील थोर लेखक डी. व्ही. गुंडप्पा (१८८७–१९७५), ज्यांना सारा कर्नाटक 'डीव्हीजी' म्हणतो, ते गोखल्यांना गुरुस्थानी मानीत. त्यांनी गोखल्यांचे चरित्र कानडीत लिहिले आणि १९४५ साली ही संस्था स्थापन केली. सार्वजनिक प्रश्नांचा अभ्यास करावा, नागरिकांना शहाणे करावे, राजकारणाला नीतीचा पाया द्यावा, हा तिचा हेतू. १९४३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा 'मंकुतिम्मन कग्ग' हा काव्यग्रंथ आजही घरोघर वाचला जातो. १९७० साली त्यांचा सत्कार करून त्यांना थैली अर्पण करण्यात आली, तेव्हा ती सर्व रक्कम त्यांनी या संस्थेला देऊन टाकली. ब्यूगल रॉकच्या उद्यानात त्यांचा पुतळा आहे. मघाशी शेंगा सोलणारी मुले त्याच्या आसपासच खेळत होती.

हे देणेघेणे एकतर्फी नाही. द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी. त्यांनी कानडीत काव्य केले आणि 'नाकु तंति' या संग्रहासाठी १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळविला. अनेक वर्षे ते सोलापूरच्या महाविद्यालयात कानडी शिकवीत होते. गदगचे भीमसेन जोशी पुण्याचे झाले. एकाच गळ्यातून तुकोबांचे अभंग आणि पुरंदरदासांची पदे दोन्ही प्रांतांनी ऐकली. सीमेविषयीचे मतभेद आहेत आणि ते आपल्या मार्गाने सुटतील. परंतु त्या मतभेदांत ही माणसे आपण विसरलो, तर नुकसान दोन्ही घरांचे होईल.

दहा शब्दांचे भांडवल

नवीन प्रांतात बिऱ्हाड करणाऱ्या कुटुंबांनी या प्रसंगातून एक व्यावहारिक गोष्ट घेण्याजोगी आहे. कमावता पुरुष इंग्रजी-हिंदीवर वेळ मारून नेतो, मुले शाळेत भाषा शिकतात. एकटी पडतात ती घरातली वडीलधारी माणसे आणि पुष्कळदा गृहिणी. त्यांच्यासाठी मोठ्या व्याकरणाची गरज नाही. 'बन्नि' म्हणजे या, 'कूतुकोळ्ळि' म्हणजे बसा, 'नीरु' म्हणजे पाणी, 'एष्टु' म्हणजे किती, 'साकु' म्हणजे पुरे, 'ऊट आयिता' म्हणजे जेवण झाले का. एवढ्या भांडवलावर शेजारणीचे दार उघडते. शिकविण्याचे काम घरातल्या मुलांकडे द्यावे. नातवंडांनी आजीला शिकवावे यात दोघांनाही मोठेपणा वाटतो, आणि मुलांनाही आजीकडून घेण्यासारखे बरेच असते, हे त्या आऱ्यांच्या गोष्टीने दाखविलेच आहे.

आमच्या यजमानांच्या घरी त्या रात्री दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर नातीने देवनागरीत दहा शब्द लिहिले आणि ते पान स्वयंपाकघरात लावले. आजी येथे राहतील की गावी परततील, हे अजून ठरलेले नाही. तो निर्णय त्यांचा आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उकडलेल्या शेंगांची एक वाटी भरली आणि समोरच्या दारावर टकटक केली. आतून आवाज आला, "बन्नि, बन्नि." त्या शब्दाचा अर्थ सांगावयास त्या वेळी नात जवळ नव्हती, आणि तशी आवश्यकताही पडली नाही.